बुधाजीभाऊंचं मोहाचं रोप

बुधाजीभाऊंच्या अंगणात शिरायचं तर आगपेटी कुंपणाबाहेर ठेवावी लागे. पाहुणा असो, जंगलखात्याचा गार्ड असो की देवीचा पुजारी, भाऊ आधी हात पुढे करत. "आगपेटी द्या इकडं." मग बोलणं. मी पडलो विडी ओढणारा. धानोऱ्याजवळच्या त्या गावात मास्तर म्हणून माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा देशातल्या पहिल्या निवडणुका नुकत्याच आटोपल्या होत्या, आणि खोली मिळाली ती नेमकी भाऊंच्या शेजारी. वारा त्यांच्या बाजूला वाहत असला की मी माझ्याच खोलीत चोरून विडी ओढत असे.

घरात चूल मात्र पेटायची. ती सगुणाबाईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या ताब्यात होती आणि तिथे भाऊंचं काही चालत नसे. बाई अबोल. डाव्या गालावरून पदर ओढलेला असे, तो कधी सरकू देत नसत.

भाऊ ढीवर. सारा जन्म तलावात जाळं टाकण्यात गेला, पण जीव जडला होता तो कोरड्या मुरमातल्या झाडावर. अंगणाच्या कोपऱ्यात काट्यांच्या आड मोहाचं एक रोप होतं. "मोहाले पाय ओले नाई चालत, गुर्जी," हे त्यांचं पालुपद. तलावातून निथळत आलेले असत आणि तसेच उभं राहून हे सांगत. एकदा उन्हाळ्यात मी मोठ्या प्रेमाने तांब्याभर पाणी रोपाला घातलं, तर भाऊ धावतच आले. "काऊन मारता त्याले?"

गाव त्यांना हसत असे. जंगलात मोहाला काय तोटा? घराघराची झाडं आजा-पणजापासून ठरलेली. भाऊंचंही एक होतं, चांगलं जुनं, डेरेदार. "मोह का कोनी लावते? मोह असते," असं लोक म्हणत. पण भाऊंना अंगणातच हवा होता. आधी त्यांनी जंगलातून रोप उपटून आणलं. मोहाचं मूळ सरळ खाली जातं, ते तुटलं आणि रोप वाळलं. मग मोहाची बी, म्हणजे टोळी, गाडग्यात जपून ठेवली आणि दिवाळीनंतर पेरली. ती मेलेलीच निघाली, कारण टोळी पडल्या पडल्या मातीत जायला हवी. पुढच्या खेपेला ताजी टोळी आंब्याच्या सावलीत लावली, तर रोप पिवळं पडून गेलं. शेवटी मासोळीच्या टोपलीतून मुरूम आणि रेती वाहून भाऊंनी उघड्या उन्हात उंचवटा केला, तेव्हा कुठे हे एक जगलं.

तेही एकदा गेलंच होतं. आमच्याकडे मोह पडायच्या आधी झाडाखालचा पाला जाळतात. जमीन साफ झाली की फुलं दिसतात, वेचायला सोपी जातात. फाल्गुनात सगुणाबाईंचा भाऊ पाहुणा आला. पहाटे उठला, मोहाचं झाड पाहिलं, भोवती पाला पाहिला, आणि बहिणीचं काम हलकं करावं म्हणून त्याने मुकाट्याने काडी ओढली. तेवढ्यात तलावावरून भाऊ आले. त्यांनी हातातलं मडकं आहे तसं आगीवर ओतलं. त्यात जिवंत मासोळी होती. राखेत मरळ उड्या मारतेय, भाऊ बोंब मारताहेत आणि साळा विचारतोय, "पन माहं चुकलं काय?" त्याने त्या मासोळीवर दुपारी यथेच्छ ताव मारला. भाऊ उपाशी राहिले. पावसाळ्यात जळक्या बुडातून कोंब फुटला तेव्हाच ते मेहुण्याशी पुन्हा बोलले, पण आगपेट्यांचा नियम कायमचा झाला.

मी एकदा विचारलं, "भाऊ, याला फुलं कधी यायची?"

"धा-पंधरा साल लागतीन."

"तोवर तुम्ही?"

"मी बी इथीच हावो. कुठी जाऊन राह्यलो?"

मूलबाळ नाही, वय साठीकडे झुकलेलं, आणि हा माणूस झाड लावतोय. माणूस चक्रम आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

मग एका चैतात पहाटे मी माझ्या खोलीच्या दाराआड उभा होतो. भाऊ टोपली घेऊन आले, पण तलावाकडून नव्हे, जंगलाकडून. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि टोपलीतली मोहाची फुलं त्या कमरेएवढ्या रोपाखाली मूठमूठ पसरली. एका जागी फार पडली ती हाताने सारखी केली. मग मोठ्याने खाकरले आणि जाळं उचलून तलावाकडे निघून गेले.

दार उघडून सगुणाबाई आल्या. रोपापाशी बसून वेचू लागल्या. रोपावर पानं होती त्याहून खाली फुलं जास्त होती. मला हसू आवरेना, मी पुढे झालो.

"बाई, झाडाला भलताच बहर आला म्हणायचा!"

त्यांनी वर पाहिलं. वाकल्यामुळे पदर सरकला होता. गालावर कानापासून हनुवटीपर्यंत जुना व्रण होता.

"असवलानं धरलं होतं, गुर्जी. आमच्या त्या जुन्या मोहाखालीच. तवापासून माहा पाय जंगलात पडत नाई. पन चैतात वास आला का जीव घरात रायत नाई. बुढा म्हने, तुले अंगनात मोह लावून देतो."

"आणि ही फुलं?"

"त्याच जुन्या झाडाची. असवल अजून येते तिथी. बुढा रोज अंधारात एकटाच जाते."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. 

"मग त्यांना थांबवत का नाही?"

"अंधारात जंगलात जाऊ नको म्हनून सांगून पायलं. आयकत नाई. अन त्याले वाटते, फुलं कोन पसरते हे मले समजत नाई." त्यांनी एक फूल फुंकून माती उडवली आणि टोपलीत टाकलं. "त्यानं जीव मुठीत धरून आनाचं, अन मी नाई येचाचं, हे बरं दिसते काय? बसा, गुर्जी. येचू लागा."