किसनरावांचा हैदराबादी इंतजाम

दुसरबीडहून कोणी हैदराबादला निघाला, की त्याचा खिसा आधी दुसरबीडातच मारला जायचा. मारणारे गृहस्थ किसनराव टेलर. गावचे एकुलते एक शिंपी, माझे सख्खे शेजारी आणि स्वतःच स्वतःला नेमलेले प्रवासमंत्री. महाराष्ट्र नुकताच झाला होता, मंत्री पुष्कळ झाले होते, त्यात ही एक भर.

प्रवासाला निघणाऱ्याच्या बंडीला ते आतून चोरखिसा शिवत आणि मग दोन दिवस त्याच्या मागावर राहत. तुम्ही स्टँडवर चहा पीत आहात, किसनराव येणार, शाळेची चौकशी करणार, खांद्यावर हात ठेवणार आणि निघून जाणार. पाच मिनिटांनी दुकानातून हाक. बघावं तर तुमचं पाकीट कात्रीच्या टोकावर.

"मेले तुमी, मास्तर! चारमिनारपासी असते त आतापर्यंत नागडे झाले असते. इंतजाम पाह्यजे, इंतजाम!"

लोक राम राम म्हणतात तसे ते इंतजाम म्हणत. निजामाच्या राज्यात, ऐन तरुणपणी, त्यांनी हैदराबादेत एका शेरवानीवाल्या उस्तादाकडे तीन वर्षं काज-बटणं केली होती. तेवढ्या भांडवलावर अख्खं हैदराबाद आपणच बेतून शिवलं आहे, अशी त्यांची समजूत. दुसरबीडहून जालन्याला एस.टी. आणि तिथून काचीगुड्याची गाडी, इतकं ते सोपं होतं. त्यामुळे लग्नाच्या खरेदीला, नाही तर नुसतंच भटकायला लोक जात. पण किसनरावांच्या दुकानावरून गेल्याशिवाय जाता येत नसे. बेतायला पसरलेल्या कापडावरच ते खडूनं शहराचा नकाशा काढत आणि पुढे त्याच कापडाचा कोणाचा तरी पायजमा होई. आमच्या तलाठ्याच्या डाव्या पायावर दोन धुण्यांपर्यंत हैदराबादची मुसी नदी वाहत होती.

त्यांचे नियम ऐकून भित्रा माणूस घरीच बसला असता. "पैल्या रिक्षात बसू नका, तो आपल्याले पाहून ठेवते. जेवतानी पाठ भिंतीले. आन परक्या गावात वाद घालू नका बे, हाव म्हना आन निसटा."

एवढा सगळ्या गावाचा इंतजाम करणारा हा माणूस स्वतःच्या बायकोला मात्र हैदराबादला नेत नव्हता.

गिरजावहिनींचे कान लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तापात गेले. बोलत त्या चांगल्या खणखणीत, आणि समोरच्याचे ओठ असे वाचत की गावातल्या बायका त्यांच्यादेखत चहाड्या करताना तोंडावर पदर धरत. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून त्या हातशिलाई करायच्या. त्यांना बोलवायचं असलं की किसनराव रिकामं रीळ भिरकवत. नेम इतका पक्का की रीळ बरोबर मांडीवर पडे. वहिनींना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. चारमिनारवर चढायचं आणि खालच्या बाजारात बसून लाखेच्या बांगड्या भरायच्या. लग्न झालं तेव्हा किसनरावांनीच तसं कबूल केलेलं. दरवर्षी दिवाळी झाली की वहिनी दारात उभ्या राहून विचारत, "औंदा?"

ओठ वाचता येऊ नयेत म्हणून किसनराव तोंडात दोरा धरत आणि पुटपुटत, "इंतजाम नाई झाला."

"सारा गाव जाऊन येते. माह्याच इंतजाम काऊन होत नाई?" वहिनी माझ्याकडे बघून म्हणत. मी एकदा किसनरावांना तोंडावर भित्रा म्हणालो. त्यांनी माझ्या पँटचं माप परत घेतलं आणि ती दोन महिने शिवलीच नाही.

मग एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं निघालो. आमचे हेडमास्तर, चित्रकलेचे मास्तर आणि मी. खिसे मारून झाले, नकाशा झाला, आणि शेवटी किसनरावांनी तीन सदरे पुढे टाकले. एकाच ताग्यातले, पोपटी. पोपटालाही भारी पडेल असा पोपटी.

"गर्दीत चुकामूक झाली त एकमेकायले दिसले पाह्यजे," ते म्हणाले.

हेडमास्तरांनी नोकरीला लागल्यापासून पांढऱ्याखेरीज काही अंगाला लावलं नव्हतं. ते ताडकन म्हणाले, "मी हे घालणार नाही."

"नका घालू. पन तुमचा कोट माह्यापासी हाय. अस्तराले आलेला. तो बी मंग राहू द्या."

हेडमास्तरांनी पोपटी सदरा घातला.

हैदराबादेत दुसऱ्या दिवशी आम्ही चारमिनार बघून खाली उतरलो, तोच एक भरदार मिशांचे गृहस्थ धावत आले आणि त्यांनी हेडमास्तरांचा दंडच धरला. "कहाँ मर गए थे मियाँ? नौशा घोडे पे बैठ गया!" नवरदेव घोड्यावर चढला होता, त्यांच्या घरच्या लग्नाला ठरवलेल्या बँडचा पत्ता नव्हता आणि एकसारख्या भडक सदऱ्यातले तीन इसम समोर उभे होते. दुसरं कोणी असतं तर खुलासा केला असता. आम्ही दुसरबीडचे, किसनरावांच्या तालमीत तयार झालेले. वाद घालायचा नाही, हाव म्हणायचं आणि निसटायचं. आम्ही हाव म्हणालो. निसटायला मात्र जमलं नाही. चित्रकलेच्या मास्तरांच्या गळ्यात कोणाचा तरी ढोल पडला, मला झांजा मिळाल्या आणि हेडमास्तरांच्या हातात दोन खुळखुळे आले. शाळेत प्रार्थनेच्या वेळी पापणी न हलवणारा तो माणूस दोन गल्ल्या खुळखुळे वाजवत चालला. तिसऱ्या गल्लीत खरा बँड भेटला. त्या मिशाळ गृहस्थांनी कपाळावर हात मारून घेतला, ते पोट धरून हसले आणि त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. खोटं कशाला बोलू, सहलीतला सगळ्यात मजेचा दिवस तोच.

परत आलो तो किसनरावांचा गळा धरायचा असं ठरवूनच. त्यांनी आमचं गाऱ्हाणं ऐकूनच घेतलं नाही. त्यांचा एकच प्रश्न, "पोपटी किती लांबून दिसला?"

"अहो, आख्ख्या वरातीला दिसला!"

"तसं नाई. उन्हात का सावलीत? तुमी ह्या टोकाले आन हेडमास्तर त्या टोकाले, मधात गर्दी. वळखू आले का?" आणि ते मापाच्या वहीत लिहू लागले. मी डोकावलो. वर्षावर्षांच्या नोंदी होत्या. गुलाबी: सावलीत मरते. निळा: पोलिसासारखा दिसते. केशरी: लांबून दिसते, पण साधू बी तोच घालते. गावातून गेलेली एकेक टोळी त्यांनी एकेका रंगात पाठवली होती.

मी चिडलो. "म्हणजे आम्ही काय तुमच्या रंगाची परीक्षा बघायला गेलो होतो?"

किसनरावांनी मागच्या खोलीकडे पाहिलं. वहिनी खाली मान घालून बटणं लावत होत्या. तरी किसनरावांनी तोंड माझ्याकडे वळवलं आणि ते हळूच म्हणाले, "मास्तर, तिले ऐकू येत नाई. त्या गर्दीत हात सुटला त म्या हाक मारून काय फायदा? तिनं मले पाह्यलं पाह्यजे. नाई पाह्यलं त ते परकं गाव, तिची बोली कोनाले समजत नाई. मी काय तोंड घेऊन वापस येऊ?"

या माणसाला मी भित्रा म्हटलं होतं, त्याची मला लाज वाटली.

पुढच्या पौषात इंतजाम झाला. किसनरावांनी स्वतःसाठी सदरा शिवला, पुढून पोपटी आणि मागून केशरी. स्टँडवर गाव लोटलं होतं. "पोपटी दिसलो त मी येऊन राह्यलो," ते वहिनींना ओठ मोठे करून समजावत होते, "केशरी दिसलो त जाऊन राह्यलो. केशरी दिसलो का जागचं हालायचं नाई!" कंडक्टर हसून हसून तिकीट फाडायचं विसरला. वहिनी नवं लुगडं नेसून खिडकीशी बसल्या होत्या आणि त्यांना त्या सदऱ्याचं काहीएक वाटत नव्हतं.

आठवड्यानं दोघं परत आली. किसनरावांचा घसा पार बसला होता. मी खोदून खोदून विचारलं, पण "ठीक झालं" यापलीकडे ते काही बोलेनात आणि सरळ मशीनवर जाऊन बसले. संध्याकाळी वहिनी आमच्या अंगणात आल्या. हातभर लाखेच्या बांगड्या होत्या. मी तोंड मोठं करून विचारलं, "इंतजाम कसा झाला?"

"हात सुटला ना, मास्तर. बांगड्याच्या बजारात. मानसाचा लोंढा आला, हे तिकडं गेले आन मी इकडं. मंग मी एका दुकानाच्या पायरीवर चढली. दिसले मले. घडीत केशरी, घडीत पोपटी. जागच्या जागी गरगर फिरून राह्यले होते. आन बोंबलून राह्यले होते."

"काय म्हणत होते?"

वहिनींनी एकदा दुकानाकडे पाहून घेतलं.

"माहं नाव."

आमच्याकडे नवरा बायकोला नावानं हाक मारत नसे. किसनराव तर तोंडानं कधी हाकच मारत नसत.

"लगनात उखान्यात घेतलं होतं एकडाव," वहिनी म्हणाल्या. "तवा मले कान होते. आता भर बजारात गिरजा, गिरजा. लोकं हासून राह्यले, त्यायले काई सुद नाई. मले ऐकू येत नाई, हे बी इसरले."

"मग तुम्ही लगेच गेलात ना त्यांच्याकडे?"

त्यांनी मनगटावरच्या बांगड्या सारख्या केल्या.

"नाई, मास्तर. उलिसक वेळ उभीच राह्यली. पाहून राह्यली होती."