ॲरिझोनाची रंगीत तालीम

आमच्या घरात एक व्यवस्था आहे. मोठमोठे निर्णय मी जाहीर करतो आणि प्रमोदिनी ते हाणून पाडते. ‘नोकरी सोडून डोशाची गाडी टाकतो,’ असं मी म्हणालो होतो, तेव्हा ती म्हणाली, “आधी चहा घ्या.” ‘कोकणात जाऊन आमराई घेतो,’ म्हणालो, तेव्हाही “आधी चहा घ्या.” चहा होईपर्यंत माझा निर्णय निवतो. (चहाही निवतो, कारण तो घेतानासुद्धा मी निर्णयावरच बोलत असतो.)

त्यामुळे २०१० सालच्या जानेवारीत, कॅनडात ब्रॅम्पटनच्या आमच्या घरात शिरताशिरता मी जी घोषणा केली, ती पूर्ण निर्धास्तपणे केली. अख्खा ड्राइव्हवे शोव्हल करून मी नुकतीच कंबर सरळ केली होती, तेवढ्यात रस्त्यावरून बर्फ सारणारा स्नो प्लाउ गेला आणि रस्त्यावरचा सगळा बर्फ माझ्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी रचून ठेवून गेला. मी तसाच बूट न काढता स्वयंपाकघरात गेलो आणि गरजलो, “पुरे झाला हा बर्फ! आपण ॲरिझोनाला जाऊ. कायमचे!”

प्रमोदिनी मेथी निवडत होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, “चला.”

मी चहाची वाट पाहत उभा राहिलो. चहाचं नाव निघेना.

ॲरिझोनाच का, तर माझा कॉलेजमधला मित्र नंदन तिकडे टूसॉनला राहतो आणि दर हिवाळ्यात संत्र्याच्या झाडाखाली अर्ध्या चड्डीत उभं राहून काढलेला स्वतःचा फोटो मला पाठवतो. याखेरीज मला ॲरिझोनाची काही माहिती नव्हती. पण वेळच तशी होती. आदल्या हिवाळ्यात आमच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्याने माझा विभागच बंद केला. अठरा वर्षं मी तिथे क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. नुसता अंगठा फिरवून वाकडा नट ओळखायचो. पन्नाशी दारात येऊन उभी होती. मुलगी ऊर्मी शिकायला वॉटरलूला गेली होती. तेव्हापासून मी येणाऱ्याजाणाऱ्याला ‘नवी सुरुवात, नवी सुरुवात’ ऐकवत होतो. माझ्या मते तिचा अर्थ उशिरा उठणे एवढाच होता.

ऊर्मीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, “डॅड, इज धिस अ मिडलाइफ क्रायसिस?”

“नाही. हा पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय आहे.”

“दॅट्स व्हॉट आय सेड,” ऊर्मी म्हणाली.

मी दोन दिवसांत शब्द मागे घेतलाही असता. पण प्रमोदिनी बदलली. ती मूळची नागपूरची. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी., तिथल्या कॉलेजात शिकवायची. माझ्याबरोबर कॅनडात आली आणि तेव्हापासून एका मोठ्या दुकानाच्या गार्डन सेक्शनमध्ये, पहिल्या थंडीत मरणारी पिटुनियाची रोपं विकत होती. आमच्या पुणेरी घरात येऊन तिची बोलीही पुणेरी झाली होती. आता ॲरिझोनाचं नाव निघाल्यापासून तिच्या तोंडात नागपूर परत यायला लागलं. भांडी घासताना ती गुणगुणत होती. “अहो, तिकडं मे महिन्यातच चाळीस होऊन राहते म्हणे!” हे ती अशा सुरात सांगायची, की जणू तिकडे घरोघर सोनं वाटतात. तिला इतकं खूश मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. अशा बाईला ‘अगं, मी आपलं बोलायचं म्हणून बोललो’ हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

आणि खरी अडचण तर मी तिला सांगूच शकत नव्हतो. मला ऊन सोसत नाही. आमचं लग्न नागपूरला, भर मे महिन्यात झालं. मंगलाष्टकांच्या तिसऱ्या कडव्याला मी अंतरपाटासकट खाली आलो. सासूबाईंनी माझ्या खिशात कांदा कोंबला (नागपुरात ऊन लागू नये म्हणून कांदा जवळ ठेवतात) आणि उरलेलं लग्न मी कांद्याच्या आधाराने लावून घेतलं. सासुरवाडीला आजही मला ‘कांदेवाले जावई’ म्हणतात.

“झेपेल न तुम्हाला?” प्रमोदिनीने एकदा हळूच विचारलं.

“मला? हॅ!” मी म्हणालो, आणि उत्साह दाखवण्यासाठी त्याच दिवशी घरातले माझे सगळे गरम कपडे तीन काळ्या पिशव्यांत भरून सेकंडहँड दुकानात देऊन आलो. बर्फ उपसायचं शोव्हल समोरच्या एलिएझरला देऊन टाकलं. एलिएझर मूळचा रेवदंड्याचा, माझ्याही कितीतरी आधी इथे आलेला. त्याने शोव्हलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“जाणार कधी तुम्ही?”

“जूनमध्ये.”

“आणि तोवर बर्फ काय फुंकर मारून उडवणार?”

याचा मी विचार केला नव्हता. त्यानंतर प्रत्येक बर्फाला मी माझंच शोव्हल उसनं मागायला समोर जात होतो.

उरला उन्हाचा प्रश्न. सवयीने माणसाला काहीही जमतं, असा विचार करून मी तालीम सुरू केली. प्रमोदिनी कामावर गेली की घर तापवणारी फर्नेस बत्तीसवर, म्हणजे काटा पुढे जाईना तिथपर्यंत. शिवाय बेसमेंटमध्ये दोन हीटर. मी बर्म्युडा घालून खुर्चीत बसायचो आणि ॲरिझोना सोसायचो. ती यायच्या आधी खिडक्या उघडून सगळा ॲरिझोना बाहेर सोडून द्यायचो.

तिसऱ्याच दिवशी ती लवकर घरी आली. आता माझी कंबख्ती भरली असं मला वाटलं. तिने थर्मोस्टॅट पाहिला. डोळे मिटले. एक लांब श्वास घेतला.

“बत्तीस,” ती म्हणाली. “आमच्याकडं दिवाळीत असते एवढं.” मग डोळे उघडून म्हणाली, “अहो, सांडगे घालता येतील!”

कॅनडात आल्यापासून तिला वाळवणाला मनासारखं ऊन मिळालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बेसमेंटभर तिच्या जुन्या सुती साड्या अंथरल्या गेल्या आणि त्यांवर कोहळ्याच्या सांडग्यांच्या रांगा लागल्या. हवं तेवढं ऊन नाही म्हणून तिने गार्डन सेक्शनमधून रोपांना लावायचे जांभळे दिवे आणले. माझी तालीमही तिने शास्त्रशुद्ध केली. डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा, फक्त डोळे उघडे. डोळ्यांवर काळा चष्मा. खिशात कांदा.

तीन आठवडे गेले. एकदा शोव्हल मागायला गेलो तर एलिएझर म्हणाला, “चारुदत्ता, सगळ्या रांगेत पांढरी छपरं नि तुझ्याच घराला टक्कल कसं रे?” मी वर पाहिलं. खरोखरच आमच्या छपरावर कणभर बर्फ नव्हता. मला उलट आनंद झाला, म्हटलं, शोव्हल करायला तेवढा कमी.

त्या शुक्रवारी प्रमोदिनीला सुट्टी होती. ती वरच्या खोलीत दार लावून फोनवर बोलत होती. घंटा वाजली म्हणून मी दार उघडलं, तर समोर दोन पोलीस. एक धिप्पाड गोरा आणि एक तरुण बाई. (संभाषण इंग्रजीत झालं. माझं ततपप वगळून देतो.)

“सर, तोंडावरचा कपडा काढता का?”

मी काढला.

“खिशात काय आहे?”

“कांदा.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “सावकाश बाहेर काढा.”

मी सावकाश कांदा बाहेर काढला.

“हा कशासाठी?”

“ऊन लागू नये म्हणून.”

बाहेर उणे चौदा होतं. धिप्पाड पोलिसाने एकदा कांद्याकडे आणि एकदा बर्फाकडे पाहिलं. मग म्हणाला, “तुमच्या छपरावर बर्फ टिकत नाही. खिडक्यांवर वाफ आहे. बेसमेंटमध्ये दिवसभर जांभळा उजेड असतो. तिथे काय चालतं?”

“वाळवतो आम्ही,” मी मोकळेपणाने म्हणालो. “आधी हिरवट असतं. मग वाळतं.”

“स्वतःसाठी?”

“छे, एवढं दोघांना कसं संपेल? मित्रांना देतो. छोट्याछोट्या झिपलॉक पिशव्यांत.”

“विकता?” बाईंनी विचारलं.

“काहीतरीच! पहिली पिशवी फुकट. एकदा चटक लागली, की लोक पार मिसिसागाहून मागायला येतात.”

धिप्पाड पोलिसाचा हात हळूच कमरेकडे गेला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या काळात पेपरात सारखं यायचं की लोक भाड्याच्या घरांत चोरून गांजा पिकवतात, आणि दिव्यांच्या उष्णतेने छपरावरचा बर्फ वितळतो त्यावरून ते पकडले जातात. मीच प्रमोदिनीला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. आणि घाबरलेला मराठी माणूस जे करतो तेच मी केलं. म्हणालो, “आत या ना. चहा घेणार?”

बेसमेंटमध्ये दोघे साड्यांच्या काठाने जपून चालले. दोन मिनिटांत त्यांच्या जाड जॅकेटांतून घाम निघायला लागला. बाईंनी वाकून एका सांडग्याचा वास घेतला आणि त्यांना हिंगाचा ठसका लागला. एवढ्यात जिन्यावरून प्रमोदिनी धावत खाली आली. हातात फोन, डोळे भरलेले. तिला पोलीस दिसलेसुद्धा नाहीत.

“अहो, झालं! घेतलं त्यांनी मला!”

“कोणी?”

“टूसॉनची नर्सरी आहे न, वाळवंटातल्या झाडांची. दोनदा इंटरव्ह्यू झाला फोनवर. म्हटलं, पक्कं झाल्याशिवाय काहून सांगायचं?” मग तिचं लक्ष गेलं. “बाप्पा! हे कोण?”

मी थोडक्यात सांगितलं. ती आधी हसली, मग खूप हसली, आणि मग त्या दोघांना तिने इंग्रजीत सांगितलं, “मला ॲरिझोनात नोकरी लागली आहे. माझे मिस्टर उन्हाची प्रॅक्टिस करतायत.”

“तेही नोकरी करणार तिकडे?” बाईंनी विचारलं.

“नाही. व्हिसा माझ्या नोकरीवर आहे. ही इज कमिंग ॲज माय डिपेंडंट.”

हे मलाही तेव्हाच कळलं. मी कांदा हातात धरून उभा होतो. बाईंनी माझ्याकडे फार सहानुभूतीने पाहिलं.

पुढे प्रमोदिनीने मूठभर तयार सांडगे तळून आणले. बाईंनी एक खाल्ला, मग आणखी दोन खाल्ले, आणि मिसिसागाचे लोक का येतात ते कळलं म्हणाल्या. जाताना धिप्पाड पोलीस म्हणाला, “सर, तेवढा थर्मोस्टॅट खाली आणा.”

संध्याकाळी आम्ही दोघं बेसमेंटच्या पायऱ्यांवर बसलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, “तुम्हाला नाही यायचं न?”

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. “मला भीती वाटते,” मी म्हणालो. “उन्हाची वाटते. आणि तिथे दिवसभर मी कोण म्हणून बसायचं, याचीही वाटते. मला वाटलं होतं तू ‘आधी चहा घ्या’ म्हणशील.”

“माहीत आहे. पण या वेळेस मलाच जायचं होतं.” ती सांडग्यांकडे पाहत होती. “तुम्ही कॅनडा म्हणालात न, तेव्हा पण मी नुसतं ‘चला’ म्हटलं होतं. थंडीची इतकी भीती वाटायची मला. मामांचं संत्र्यांचं कोल्ड स्टोरेज होतं. निघायच्या आधी महिनाभर रोज दुपारी आत जाऊन बसायची मी. बाहेर पंचेचाळीस, आत चार. दात वाजायचे. सवय व्हावी म्हणून.”

“कधी बोलली नाहीस!”

“काय बोलायचं? तुम्ही खुशीत होता.”

ती तिथे एकटी, संत्र्यांच्या खोक्यांमध्ये कुडकुडत बसलेली मला दिसायला लागली. तिला तर कोणी कांदाही दिला नव्हता. मी तिचा हात हातात घेतला. “मी येतो,” म्हणालो. “डिपेंडंट तर डिपेंडंट.”

ती हसली. “नुसतं बसून काय करणार म्हणून विणकाम न्यायची. तुमचा तो राखाडी स्वेटर तिथंच विणला न मी.”

हातातला हात तसाच ठेवून मी गार पडलो. राखाडी स्वेटर दुसऱ्या काळ्या पिशवीत होता.

सकाळी सेकंडहँड दुकान उघडायच्या आधी मी दाराशी होतो. आत राखाडी स्वेटर ढीगभर होते, पण माझ्याही बोटांत अठरा वर्षांचं इन्स्पेक्शन होतं. मी एकेकावरून अंगठा फिरवत गेलो आणि एका स्वेटरवर अंगठा थांबला. तोच! मी तो चेहऱ्याशी धरला, तर मला चक्क संत्र्यांचा वास आला. माझे डोळे भरून आले. काउंटरवरच्या बाईंनी “आर यू ओके, सर?” विचारलं, तेव्हा मला ‘माय वाइफ’ एवढंच बोलता आलं. त्यांनी बहुधा चुकीचा अर्थ घेतला, कारण त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि पैसे घेतले नाहीत.

तो अंगात घालूनच घरी आलो. शेवटचा घाणा वाळायचा होता म्हणून बेसमेंटमध्ये अजून बत्तीसच होतं. मी तिच्यासमोर उभा राहिलो. घाम डोळ्यांत जात होता, पण मला जे बोलायचं होतं ते मी बोललो. “प्रमोदिनी, तू माझ्यासाठी थंडीत बसून हा विणलास. मी गाढव, मी तो देऊन टाकला होता. पण आज शोधून आणला. लाखात ओळखला मी तुझा हात.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग जवळ आली. तिचे डोळे पाणावले होते, ओठ थरथरत होते. मला वाटलं, आता रडणार.

“अहो,” ती कसंबसं म्हणाली, “तो तर तुम्ही पिशव्या देऊन आलात न, त्याच संध्याकाळी मी जाऊन परत आणला. वरच्या कपाटात आहे. नंदनभावजी म्हणाले, तिकडं उन्हात कोणी फिरतच नाही, जिथं तिथं एसी, येताना स्वेटर आणा.”

“मग... हा?”

तिने माझी कॉलर उलटी केली.

“हातानं विणलेल्या स्वेटरला लेबल कधीपासून असते हो, इन्स्पेक्टरसाहेब?” आणि चष्मा वर सरकवून तिने ते मोठ्याने वाचलं, “लेडीज. लार्ज.”