मंजूर बीज

ताइनान नगरीतील आमच्या पेठेच्या सरकारी बालवाडीत वीस जागा होत्या आणि अर्ज साठ आले होते. सबब, कोणावरही अन्याय होऊ नये म्हणून सोडत संगणकाकडून यदृच्छेने काढावी, असे कार्यालयाने ठरविले.

हे कार्य लिपिक ज्वांग यांच्याकडे आले. यादृच्छिक संख्यांविषयीचे साहित्य त्यांनी तीन दिवस इंटरनेटवर धुंडाळले. अखेर एका पानावर तयार उदाहरण सापडले. त्याखाली स्वच्छ लिहिले होते : या संख्या एका बीजांकापासून उपजतात, बीज तेच, तर पीकही तेच. म्हणून दर वेळी नवे बीज घालावे.

विभागप्रमुख ल्याओ यांनी फाइल उघडली. "हे बीज कुठून आणलंत?"

"उदाहरणातच होतं, साहेब. मी बदलणार आहे."

"छापील आधार आहे ना? मग बदलता कशाला!" आणि त्यांनी बीजावर शिक्का मारला.

नंतर निवड-यादीत त्यांना चोवीस दिसला आणि ते दचकले. आमच्या भाषेत चार आणि मरण यांचा उच्चार जवळजवळ एकच. "बालवाडीच्या यादीत मरण? गाळा!" चार हा अंक असलेले पंधराही क्रमांक सोडतीतून गळाले. अर्जांच्या रांगेप्रमाणे क्रमांक वाटणारा विभाग निराळा होता. त्याला चारचे वावडे नव्हते.

चोवीस क्रमांक वू श्यो-छिन यांच्या लेकीचा. बाई माशाच्या सुपाची गाडी चालवीत.

"साहेब, माझ्या पोरीला यंत्रानं का वगळलं?"

"यंत्राला नावं ठेवू नका, बाई. ते निःपक्ष आहे. वगळलं आम्ही."

"मग उकळत्या पातेल्यापाशी बसवू तिला? परवाच हात भाजला तिचा."

"पुढच्या वर्षी या."

बाईंनी निवड-यादी, तिच्यावरच्या 'बीज मंजूर' शिक्क्यासकट, गाडीवर चिकटवून ठेवली. यादीत पहिला होता सतरा.

पुढील वर्षी अर्जांच्या रांगेत अपूर्व सौजन्य दिसले. गाडीवर सूप प्यायलेला प्रत्येक जण मागच्याला पुढे जाण्याचा आग्रह करीत होता.

"काकू, तुम्ही व्हा पुढे."

"तूच हो रे बाबा!" श्यो-छिनबाई म्हणाल्या. " मला सतरावीच राहू दे."

ज्वांग यांना राहवले नाही. "अहो, हे यादृच्छिक नाही! मला बीज बदलू द्या."

"खबरदार!" सर्वांत मोठा आवाज श्यो-छिनबाईंचा होता. "वर्षभर थांबून मिळवलाय मी हा आकडा. आता बदलाल तर तो अन्याय होईल!"

ल्याओ साहेबांनी लोकेच्छा म्हणून दुसरा शिक्का मारला. सतरा पहिला आला. मुलगी बालवाडीत गेली.

आमच्या पेठेला हसणाऱ्या वाचकांनी कृपया एक ते दहांमधला कोणताही आकडा मनात धरावा. कोणाचे न ऐकता, अगदी यदृच्छेने.

सातच ना? आपल्यावर शिक्का केव्हा बसला, आठवते का?