नापास नमुना

सन एकोणीसशे बेचाळीसच्या फाल्गुनात वाशिंद येथील रबराच्या कारखान्यावर घोर संकट ओढवले. महायुद्धामुळे मलायाचे रबर येणे बंद झाले होते आणि शिल्लक मालावर एकच खाते चालणे शक्य होते: शेकण्याच्या पिशव्यांचे, अथवा पाण्याच्या पंपात बसणाऱ्या पांढऱ्या चकत्यांचे. वर्षाच्या कामाचा आढावा घेऊन एका खात्यास टाळे लावण्यासाठी मालक रघुवीरशेठ स्वतः मुंबईहून येणार होते. चकत्यांच्या खात्याचे मुकादम सावळाराम यांना आठ दिवस अन्न गोड लागत नव्हते. त्यांच्या हाताखालील मुरबाडकडच्या सर्व माणसांचे पोट त्या खात्यावर होते.

ताज्या चकत्या एकमेकींस चिकटू नयेत म्हणून त्यांवर संगजिऱ्याची भुकटी पसरण्याचा प्रघात असे. युद्धाने तीही दुर्मीळ केली. तेव्हा सावळारामांनी कारखान्याच्या स्वयंपाकीण धोंडूबाई यांचा आश्रय केला.

"धोंडूबाय, मूठभर तांदळाचं पीठ दे गो. नमुन्याच्या चकत्या चिकटाय लागल्यात."

"मी दळून मरायचं न् तू रबराला जेवू घालायचं?" धोंडूबाई म्हणाल्या. "घे मेल्या. खातं टिकलं तर माज्या पिठाचं नाव घे म्हंजे झालं."

सावळारामांनी तेथेच ओट्यावर बसून ताटाएवढ्या चकत्यांना पीठ फासले, त्या दुरडीत रचल्या व वर फडके झाकले. शेजारी धोंडूबाईंची तांदळाच्या भाकऱ्यांची दुरडी तशीच झाकलेली होती. इतक्यात गाडीची शिटी झाली. सावळाराम दचकून उठले, हाती आली ती दुरडी उचलून कचेरीकडे धावले.

शेठजींस त्या दिवशी भयंकर पडसे झाले होते; नाकास वास येत नव्हता की डोळ्यांचे पाणी खळत नव्हते. त्यांनी फडक्याखाली हात घालून एक नमुना बाहेर ओढला.

"अजून ऊन लागतोय हा?"

"आज सकाळचाच माल हाय, शेट," सावळाराम दाराशी हात जोडून, मान खाली घालून म्हणाले. "लागल तेवढा ताणा. आमचा माल तुटायचा नाय."

शेठजींनी ताणला मात्र, त्याचे दोन तुकडे झाले. दुसरा उचलला. त्याचीही तीच गत झाली.

"कच्चा काढलाय, सावळाराम! पंपात घातला तर एका दमात फाटेल." शेठजींनी तुकडे दुरडीत टाकून फडके ओढले. "नमुना नापास. उद्यापासून चकत्यांचं खातं बंद."

सावळारामांच्या डोळ्यांपुढे काळोख पसरला. त्यांच्याने दुरडीकडे पाहवले नाही.

तदनंतर शेठजी भोजनास बसले. धोंडूबाईंचे डोळे चुलीच्या धुराने भरलेले, त्यात मालकांसमोर पदर नाकापर्यंत ओढलेला. उरलेल्या दुरडीतून त्यांनी चाचपून एक वाढली, वर कढत आमटी ओतली.

शेठजींनी घास मोडू पाहिला. मोडेना. दोन्ही हातांनी ओढले. ती आणखी वीतभर लांब झाली व पूर्ववत आखडली.

"बाई," शेठजी सौजन्याने म्हणाले, "भाकरी जरा... चिवट झालीये का?"

"चिवट?" पदराआडून आवाज आला. "म्हशाच्या जत्रंत मानसं माजी भाकर मागून खात्यात! दात पडलं असतील तर तसं बोला, शेट. आमटीत कुस्करून देते."

शेठजी वरमले. दात रोवून त्यांनी सर्व बळ एकवटून हिसडा दिला. दातांतून सुटलेली ती गरगरत गेली आणि दारात खिन्न उभ्या असलेल्या सावळारामांच्या छातीवर थाडकन आदळली. त्यांनी ती हाती घेतली, आमटी पुसली, उजेडात धरली.

"धोंडूबाय," ते म्हणाले, "ही तर माजी चकती!"

"आन् माज्या भाकरी कुठं?"

शेठजींनी चकती मागून घेतली, ताणली, पिळली, पुन्हा ताणली. कढत आमटीने ती सुरकुतली नव्हती की मालकांच्या दातांचा एक ओरखडाही तिच्यावर उमटला नव्हता.

"पिशव्यांची माणसंही इकडेच घ्या," शेठजी म्हणाले. "चकत्यांचंच खातं चालेल."

सावळारामांनी प्रथम शेठजींना नमस्कार केला, आणि मग वळून धोंडूबाईंच्या पायांवर डोके ठेवले. "शेट, हिच्या पिठाची किरपा!"

"ऊठ रे, पदर ओला केलास," धोंडूबाई पुटपुटल्या, परंतु त्यांचे डोळे या खेपेस धुराने भरले नव्हते.

शेठजींनी रिकाम्या ताटाकडे पाहिले. मग घसा खाकरून ते हळूच म्हणाले,

"सावळाराम, कचेरीतले ते नापास नमुने आणा पाहू. भूक लागलीये."