अण्णा पेडणेकरांची टायरतपासणी

आमचे अण्णा पेडणेकर माणसांच्या पाया पडत नाहीत, गाड्यांच्या पडतात.

मिठबावात समुद्राकडे जाणारी कुठलीही गाडी आमच्या वाडीत थांबली, की शेजारच्या माडांमधून लेंगा-बंडीतले एक गृहस्थ लगबगीने येतात आणि नमस्कार-चमत्कार न करता सरळ पुढच्या चाकाशी उकिडवे बसतात. हेच अण्णा. माझ्या घराला लागून दोन खोल्या आहेत, त्या मी पर्यटकांना देते. एकदा कोल्हापूरचं नवीन लग्न झालेलं जोडपं उतरायला आलं. मुलगी गाडीतून पाय खाली टेकते न टेकते तोच अण्णा तिच्यासमोर वाकले. ती बिचारी ओरडलीच, "अहो आजोबा, असं काय करताय!" आणि उलट तीच त्यांच्या पाया पडली. अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला, "हवा कमी आहे. उद्या सकाळी टायर थंड असताना भरून घ्या."

आता तुम्ही म्हणाल, हे गृहस्थ ड्रायव्हर असतील, नाहीतर गॅरेजवाले. छे! अण्णांनी उभ्या जन्मात सायकलसुद्धा चालवलेली नाही. सगळी हयात तहसील कचेरीत कारकुनीत गेली. त्यामुळे घरात, दारात, बाजारात मालवणी बोलणारा हा माणूस टायरावर निकाल द्यायची वेळ आली की ताठ बसतो आणि थेट कचेरीची भाषा काढतो. "सदर टायर मध्यभागी झिजला आहे. कारण, हवा जास्त." "सदर टायर दोन्ही कडांना झिजला आहे. कारण, हवा कमी." एकाच कडेला झिजलेला असला तर चाकाची दिशा चुकली. आणि बाजूच्या रबरावर उन्हाने बारीक चिरा गेल्या असल्या, तर अण्णा उठून उभे राहतात आणि कोणी गेल्यासारखा चेहरा करून मालकाच्या खांद्यावर हात ठेवतात.

त्यांच्या खिशात कायम आगपेटी असते. ओढत काही नाहीत. कोणी विडी पेटवायला काडी मागितली तर देतही नाहीत. ती काडी टायराच्या नक्षीत घालायची. गुल पूर्ण बुडालं तर ठीक, वर राहिलं तर टायर गेला. नक्षीच्या खाचांत रबराचे बारीक उंचवटे असतात, तेही ते लोकांना बोट धरून दाखवतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली, की टायराची नोकरी संपली. "मुदतवाढ नाही," असं अण्णा म्हणतात.

मे महिन्यात तर त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. मुंबई-पुण्याच्या गाड्या दुपारच्या उन्हात घाट उतरून येतात, टायर तव्यासारखे तापलेले असतात. एखादा शहाणा हवा मोजतो, ती जास्त भरते, की हा लागलाच सोडायला. अण्णा माडाखालून ओरडत येतात, "अरे थांब रे मेल्या! तापल्यार वारो वाढताच. आता सोडशीत आनी रात्री थंड झाल्यार खंयसून हाडशीत?" मग एकदम भाषा बदलून, "गरम टायराची हवा काढू नये, ही विनंती." माझ्या पाहुण्यांना मेल्या म्हटलेलं मला आवडत नाही. मी तसं सांगितलंसुद्धा. अण्णा म्हणाले, "मगे काय म्हणू? साहेब म्हणान तो आयकतलो?"

या सगळ्याचा कळस म्हणजे आमच्या सरमळकरांच्या मुलाचं लग्न. वऱ्हाड दुसऱ्या गावी जायचं होतं, गाडी फुलांनी मढवून देवळापुढे उभी. आमच्याकडे अशा वेळी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. वडीलधारा माणूस देवाला सांगणं सांगतो आणि जमलेले सगळे होकार देतात. त्या दिवशी गाऱ्हाण्याचा मान अण्णांकडे आला. त्यांनी डोळे मिटले, हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज हो तुझो लेकरू बोहल्यार चडता हा, तेका सुखाचो संसार दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"वाटेत काय इडापिडा आसात ती दूर कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आनी ह्या गाडयेचो डावो पाठलो टायर गुळगुळीत झालो हा, तो आजच्या आज बदलूची बुद्धी हेच्या बापाशीक दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळं गाव एका सुरात म्हणून मोकळं झालं. मग कोणाच्या तरी लक्षात आलं आणि हशा पिकला. पण देवाच्या कानावर घातलेली गोष्ट परत घेता येते का? नवऱ्यामुलाचे वडील चरफडत टायर बदलून घेऊन आले. मुहूर्त जेमतेम साधला.

हे खूळ त्यांना लागलं कधी, ते मला चांगलं ठाऊक आहे. त्यांची बायको, आमची माई, गेली आणि घरात अण्णा एकटे उरले. एकुलती एक मुलगी वैजू पुण्याला नोकरी करते. तिने गाडी घेतली आणि त्या मे महिन्यात पहिल्यांदाच एकटी चालवत गावी आली. अण्णा सकाळपासून पायरीवर बसून होते. गाडी दारात आली, हे पुढे झाले, चाकावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. दुसऱ्या दिवशी एसटीने जामसंड्याला गेले आणि टायरवाल्याच्या दुकानात दिवसभर ठाण मांडून सगळं शिकून आले.

तेव्हापासून वैजू दर मे महिन्यात येते आणि तिची निघायची सकाळ उजाडली, की हमखास टायरात काहीतरी निघतं. एकदा चीर निघाली. एकदा चाकाची दिशा चुकली होती. वैजू पुण्याला फोन करते आणि आणखी एक दिवस राहते. आता मी काही आंधळी नाही. एका वर्षी मी स्वतः वाकून पाहिलं. काडीचं गुल नक्षीत अख्खं बुडालेलं, टायर ठणठणीत. मी अण्णांकडे पाहिलं. ते म्हणाले, "ही काडीच बारीक आसा." गावातल्या कुठल्याही गाडीला खोटा निकाल न देणारा माणूस पोरीच्या गाडीपुढे धडधडीत खोटं बोलत होता, एका दिवसासाठी. मी ती काडी काढून परत त्यांच्या आगपेटीत ठेवली. अशा वेळी खरं बोलणारा माणूस मला आवडत नाही.

यंदा मात्र पंचाईत झाली. वैजू आली ती चार नवे कोरे टायर घालून. इतके नवे, की रबराचे केस अजून उभे होते. "बघा बाबा," ती कौतुकाने म्हणाली, "दरवर्षी तुमचो जीव टांगणीक लागता ना!" अण्णा वाकले, चारही चाकांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "उत्तम." पण खिशातली आगपेटी काही बाहेर आली नाही. मग ते सगळे दिवस त्यांनी दुसऱ्या कोणाची गाडीसुद्धा तपासली नाही. माझ्याकडे सातारचे पाहुणे एका बाजूने झिजलेला टायर घेऊन आले, तर अण्णा पायरीवरून उठले नाहीत.

निघायच्या सकाळी मी कुळथाची पिठी आणि कोकमाच्या आगळाची बाटली घेऊन गेले. डिकीत आंब्याच्या पेट्या, नारळ, एक भला मोठा फणस, सगळं ठासून भरलेलं. अण्णांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग दुसरी. खाली बसले, काडी घातली, काढली. उठताना गुडघ्यावर हात ठेवून जरा जास्तच वेळ थांबले.

"सदर वाहनाच्या प्रवासास हरकत नाही," ते म्हणाले. आवाज कचेरीचाच होता, पण हात अजून गाडीच्या टपावरच होता.

माझ्या मनात आलं, आपणच एखादा खिळा शोधून आणावा.

वैजूने गाडीचं दार उघडलं होतं. तिने ते बंद केलं. "बाबा," ती म्हणाली, "तुमी स्टेपनी बघूकच नाय."

अण्णा जागच्या जागी वळले. फणस उतरला. पेट्या उतरल्या. नारळ अंगणभर घरंगळले. तळाची चटई उचलली आणि खालून स्टेपनी निघाली. नक्षीचं नाव नाही, बाजूला चिराच चिरा.

"अगो चेडवा!" अण्णा केवढ्याने ओरडले! "वाटेत टायर बसलो तर हेच्यार फोंडा घाट चडतलंस? ह्या उन्हात?" मग ताठ होऊन, "सदर स्टेपनी पूर्णतः निकामी आहे. तूर्तास प्रवास रद्द." इतका आनंदी निकाल मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

वैजू पेट्या उचलून आत नेऊ लागली. मीही मागोमाग स्वयंपाकघरात गेले. "काय गो," मी हळूच विचारलं, "चार नवे घेतलंस, मगे पाचवो कित्याक नाय?"

"पाचवोय घेतलंय, काकी," ती पदराआड हसावं तशी ओढणीआड हसली. "तो पुण्याक घरात आसा. हो जुनो मुद्दाम घालून हाडलंय. रजापण आधीच घातलंय."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. बाहेर अण्णा पिशवी घेऊन सरंगा मासा मिळतो का बघायला निघाले होते. स्टेपनी अंगणात तशीच पडली होती आणि तिच्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

संध्याकाळी बाजार करून आले तरी ती तिथेच. शेवटी मीच म्हटलं, "अण्णानू, जामसंड्याक जाऊन टायर बदलून हाडूचो नाय?"

"दुकान बंद आसा गो," अण्णा म्हणाले. "फाल्या सकाळी बघूया."

मी दुपारीच जामसंड्याहून त्याच दुकानासमोरून आले होते, ते सताड उघडं होतं. पण मी कशाला बोलते! आतून वैजूचाच आवाज आला.

"बाबा, तां फाल्याय बंदच आसतला!"