गावाला पाऊस आहे

बंगळुरात बेळ्ळंदूरला कडक ऊन पडलेलं असताना आमच्या सोसायटीच्या लिफ्टमधून एक म्हातारा रेनकोट घालून बाहेर पडला, तर घाबरू नका. ते खंडोजीअण्णा. त्यांच्या गावाला पाऊस पडत असतो.

हे गाव साताऱ्याजवळचं. अण्णांचे पूर्वज तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर तिथून निघाले ते इकडे बंगळुरातच राहिले. अण्णा कारखान्यात फोरमन होऊन निवृत्त झाले, पण गाव त्यांनी पाहिलेलं नव्हतं. फोनवर रोज सकाळी गावचं हवामान बघायचं आणि त्याप्रमाणे कपडे घालायचे. मी मूळचा सातारचा आहे हे कळल्यापासून मी त्यांचा 'पाव्हणा' झालो.

"पाव्हणे, आमच्या गावाला असं नसतं हं!" हे त्यांचं पालुपद. वांगी कडू निघाली, डास चावले, रिंग रोडला गाड्या तुंबल्या, की हेच.

"पण अण्णा, तुम्ही कुठं पाहिलंय?"

"पाहायला कशाला पायजे? आमचंच गाव की!"

जायचं मात्र दरवर्षी ठरायचं. एकदा तिकिटं काढल्यावर गुडघा दुखला. एकदा नातीची परीक्षा आली, ती बालवाडीत होती. एकदा तर म्हणाले, "स्वल्प थांबू या. गावाला थंडी फार आहे." अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून म्हणाल्या, "यांचं गावाला जाणं म्हणजे आपला सिल्क बोर्डचा सिग्नल. आता सुटतोय, आता सुटतोय!"

गेल्या दिवाळीत मी गाडी घेऊन साताऱ्याला घरी निघालो, तेव्हा अक्कांनीच त्यांची बॅग आणून डिकीत ठेवली. "घेऊन जा. नाहीतर हे डिसेंबरात इथं कानटोपी घालून बसतील."

हुबळीपर्यंत अण्णा अखंड बोलत होते. गावच्या नदीबद्दल, गावच्या भाकरीबद्दल. दोन किलो म्हैसूरपाक मांडीवर. बेळगाव गेलं तसे गप्प झाले. कोल्हापूरच्या पुढं मला म्हणाले, "हा म्हैसूरपाक द्यायचा कोणाला, पाव्हणे?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

गावाच्या पाटीपाशी आल्यावर म्हणाले, "थांबवा. दिसलं गाव. सरी, झालं. चला परत."

"अहो अण्णा, एवढं सातशे किलोमीटर आलो!"

पाटीकडं बघतच ते म्हणाले, "बंगळुरात आमाला मराठी म्हणतात. इथं मी तोंड उघडलं की कानडी म्हणतील. म्हणू देत. पण कोणी विचारलं, तुम्ही कोण, तर काय सांगू? एवढी वर्षं हे माझं गाव आहे म्हणून मी सगळ्यांना सांगितलंय. गावानंच नाही म्हटलं, तर मग मी कुठला?"

गाडी गरम झाली होती, तिला पाणी घालायला हवं होतं. "पाणी तरी मागून आणू," म्हणून मी उतरलो. मागोमाग दार वाजलं. अण्णा शर्ट नीट करत माझ्या मागं येत होते.

पहिल्याच घरापुढं एक म्हातारी अंगणात शेंगा फोडत बसली होती. पावलं वाजली तशी तिनं डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. अण्णांकडंच पाहिलं.

"कवा आलासा?" तिनं विचारलं.

आमच्याकडं हे कुणीही कुणालाही विचारतं. तिला बहुधा नीट दिसतही नसावं. मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर अण्णांनी माझा दंड घट्ट धरला.

"आत्ताच, अक्का," ते म्हातारीला म्हणाले.

"मग बसा की. उन्हाचं आलासा."

अण्णा बसले. मला वाटलं, आता फौज निघणार, पूर्वज निघणार. पण त्यांनी त्यातलं काही काढलं नाही. यंदा शेंग कशी आहे, एवढंच विचारलं. म्हातारी पावसाला नावं ठेवायला लागली. अण्णांनी सूप जवळ ओढलं, मूठभर शेंगा घेतल्या आणि मान खाली घालून फोडायला लागले.