घड्याळजींचा ब्रेक

घड्याळजी भाजी घेऊन घरी आले, तेव्हा त्यांची मोटारसायकल नेहमीप्रमाणे फाटकाला धडकून थांबायला निघाली. धक्का कमी बसावा म्हणून त्यांनी फाटकाला जुन्या टायरचा तुकडा बांधून ठेवला होता. त्या दिवशी नेमकी फाटकाची कडी लावायची राहिली होती. फाटक उघडलं, मोटारसायकल अंगणात शिरली, दोरीवरची ओली चादर तिने अंगावर घेतली आणि चादरीसकट, घड्याळजींसकट, धुण्याच्या दगडाशी जाऊन विसावली.

बायको दारातच उभी होती. ती हाडांच्या दवाखान्यात परिचारिका होती, त्यामुळे किंचाळायची तिला सवय नव्हती.

"बाहेर या," ती चादरीला म्हणाली. "हातपाय हलवून दाखवा."

घड्याळजींनी चारही हलवून दाखवले.

"आमच्या वॉर्डात सोळा खाटा आहेत. पंधरा भरल्यात. सोळावीवर तुमचं नाव लिहून ठेवू का?"

"अगं, ब्रेक आहेत गाडीला. फक्त त्यांना जरा आधी कळवावं लागतं."

हे मात्र खरं होतं. गाडी जुनी होती आणि गेली अकरा वर्षं घड्याळजी ती ब्रेकने कमी आणि दूरदृष्टीने जास्त थांबवत होते. आपल्या घड्याळाच्या दुकानापाशी उतरायचं तर औषधाच्या दुकानापासूनच ते पुढच्या ब्रेकची मूठ चारही बोटांनी, दात-ओठ खाऊन आवळायला लागत. मेकॅनिकने तर केव्हाच हात टेकले होते. "काका," तो म्हणायचा, "ही गाडी थांबवायची नसते. थांबेपर्यंत वाट बघायची असते."

"रविवारपर्यंत ब्रेक दुरुस्त झाला नाही, तर सोमवारी गाडी भंगारात," बायकोने निकाल दिला. ती दिलेला शब्द मोडत नसे, हे घड्याळजींना चांगलं ठाऊक होतं.

सासरे आठ दिवसांसाठी राहायला आले होते. जन्मभर सर्व्हेअरची नोकरी केलेला माणूस. निवृत्त झाले तरी पिशवीतली टेप सुटली नव्हती. जावयावर आलेला प्रसंग ऐकून त्यांना हुरूप चढला.

"जावईबापू, आधी मोजायचं. मोजल्याशिवाय सुधारणा झाली हे कळणार कसं?"

गोदामामागचा रस्ता संध्याकाळी मोकळा असे. सासऱ्यांनी खडूने रेघ मारली. घड्याळजींनी ताशी तीसच्या वेगाने येऊन रेघेवर ब्रेक आवळला. गाडी गोदामाची तिन्ही दारं ओलांडून, कोपऱ्यावर झोपलेल्या कुत्र्याला उठवून थांबली.

"त्रेसष्ट फूट," सासरे टेप गुंडाळत म्हणाले आणि त्यांनी वहीत तारखेसह नोंद केली. "कुत्रं नसतं तर अजून मिळाले असते."

शुक्रवारी घड्याळजींनी दुकान बंद ठेवलं. केसाएवढी स्प्रिंग सरळ करणाऱ्या माणसाला चाकाएवढा ब्रेक जड जाऊ नये, असं त्यांचं साधं गणित होतं. पुढच्या खोलीत त्यांनी स्वच्छ चादर पसरली, पुढचं चाक काढून तिच्यावर ठेवलं आणि डोळ्याला भिंग लावलं.

ड्रम उघडल्यावर रोग लगेच सापडला. चाकाला धरून थांबवणारे लायनर घासून घासून काचेसारखे गुळगुळीत झाले होते, ड्रमने आतून गंज धरला होता आणि केबल ताणून ताणून सैल पडली होती. नवे लायनर मिळत नव्हते, पण जुन्यांची जाडी शाबूत होती. घड्याळजींनी ते पॉलिश पेपरने खरवडून खरबरीत केले, ड्रम आतून लख्ख केला, मेकॅनिककडून नवी केबल आणून बसवली. वंगणाचा एकच थेंब, तोही सुईच्या टोकावरून, जिथे लागतो तिथेच सोडला.

दुपारी बायको कामावरून आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"ही माझी लग्नातली चादर."

"हो. तीच सगळ्यात पांढरी होती. बारीक स्क्रू दिसतात."

"आणि हे स्पिरिट?"

"ड्रम पुसायला. तुझ्या कपाटातलं."

"आणि तो चिमटा?"

"तोही तुझ्याच कपाटातला. छान पकडतो हं!"

बायकोने चिमटा उचलला, उकळत्या पाण्यात टाकला आणि कपाटाला कुलूप लावलं. सासरे मात्र चादरीच्या कडेला स्टूल टाकून बसले होते आणि प्रत्येक नट-बोल्टची लांबी वहीत उतरवत होते.

शनिवारी संध्याकाळी चाक जाग्यावर बसलं. घड्याळजींनी उभ्या गाडीचं चाक हाताने गरकन फिरवलं आणि ब्रेकच्या मुठीला नुसतं बोट लावलं. चाक जागच्या जागी थिजलं. असं त्यांनी चाळीसेक वेळा केलं. जेवायला बोलावलं तेव्हा आणखी पाच वेळा केलं.

रविवारी सकाळी तिघं गोदामामागे गेले. तिघं म्हणजे घड्याळजी गाडीवरून, सासरे मागे बसून आणि बायको चालत. "मी ब्रेक बघून मगच बसेन," ती म्हणाली होती. जाताना रस्ता रिकामा होता आणि घड्याळजी बैलगाडीच्या वेगाने गेले, त्यामुळे ब्रेकला कामच पडलं नाही.

रेघ मारून झाली. घड्याळजी एकटेच निघणार, तेवढ्यात सासऱ्यांनी हेल्मेटचा पट्टा पुन्हा आवळला.

"मीही येतो. गाडीवर कायम एकच माणूस असतो का? ओझ्यासकट मोजायला हवं."

"बाबा, कशाला उगाच?" बायको म्हणाली.

"शास्त्र आहे बाळ ते," असं म्हणून सासऱ्यांनी पाय टाकला. "आणि जावईबापू, ब्रेक अगदी नेहमीसारखाच दाबा. जास्त नाही, कमी नाही. नाहीतर तुलना चुकेल."

घड्याळजींनी ऐकलं. नको तिथे ऐकलं. गाडी ताशी तीसने आली, रेघ आली आणि त्यांनी अकरा वर्षांच्या सवयीने, चारही बोटांनी, दात-ओठ खाऊन मूठ आवळली.

गाडी थांबली. मागचं चाक हातभर उचललं गेलं, मग गाडी आडवी झाली. घड्याळजी उजव्या हातावर पडले. सासरे त्यांच्या खांद्यावरून पुढे गेले आणि कडेच्या गवतात बसलेल्या अवस्थेतच उतरले. हेल्मेट सरळ होतं, टेप हातात होती.

बायको धावत आली. सासरे गवतातूनच ओरडले, "मला काही झालं नाही! आधी मोज!"

"बाबा!"

"मोज म्हणतो ना! खुणा पुसल्या जातील!"

मोजल्याशिवाय ते जागचे हलणार नाहीत, हे कळून तिने टेप धरली. "एकवीस फूट," ती म्हणाली.

"ती गाडी झाली. मी?"

"पंचवीस."

"त्रेसष्टावरून एकवीस!" सासऱ्यांचे डोळे भरून आले. "एक तृतीयांश! जावईबापू, बोटं आहेत की सोनं!"

घड्याळजी त्या वेळी त्यातलं एकही बोट हलवू शकत नव्हते.

दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि मनगटाचं हाड चिरल्याचं सांगितलं. प्लास्टर बायकोनेच घातलं. डॉक्टरांनी सहज विचारलं, "ब्रेक लागला नाही का?"

"लागला ना," घड्याळजी कण्हत म्हणाले. "लागला म्हणून तर."

सोमवारी प्रश्न उभा राहिला. उजवा हात सहा आठवडे गळ्यात, दुकान दोन मैलांवर. दुरुस्ती नाही तर नाही, निदान तयार घड्याळं तरी गिऱ्हाइकांना द्यायला हवी होती. गाडी भंगारात घालायचं कोणी नाव काढलं नाही, कारण ब्रेक दुरुस्त झाला होता आणि शब्द तेवढाच होता. घड्याळजी बसची वेळ विचारत होते, तेवढ्यात बायकोने खुंटीवरची किल्ली घेतली, एका लाथेत गाडी चालू केली आणि म्हणाली, "बसा मागे."

घड्याळजींनी सासऱ्यांकडे पाहिलं.

"कॉलेजात असताना माझी गाडी हीच चालवायची की," सासरे म्हणाले. "तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"नाही!"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत," बायको म्हणाली.

तिने दोन बोटांनी ब्रेक दाबून गाडी चौकातल्या पांढऱ्या पट्ट्याच्या वीतभर अलीकडे थांबवली, तेव्हा घड्याळजींनी डोळे उघडले. दोन-चार दिवसांनी ते उघडेच ठेवू लागले. समोर काय आडवं येतंय हे बघण्याचं काम आता त्यांचं नव्हतं. त्यांना झाडं दिसली, गॅलऱ्या दिसल्या, दुकानांच्या पाट्या दिसल्या. आठवड्याअखेरीस तर ते चक्क मान वर करून बसले होते.

"थांब! थांब!" ते एकदम ओरडले.

गाडी जागच्या जागी थांबली. घड्याळजींचं नाक तिच्या हेल्मेटवर आपटलं.

"काय झालं?"

"बाजाराचं घड्याळ! मनोऱ्यावरचं! सात मिनिटं मागे आहे! अकरा वर्षं इथून जातोय, पण कधी वर बघितलंच नव्हतं."

बायकोने मनोऱ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या डाव्या मनगटावरच्या घड्याळाकडे. तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"म्हणजे आमची मेट्रन खरं बोलत होती. वर्षभर मला रोज उशीर झाला म्हणायची आणि मी तिच्याशी भांडायचे. हजेरीच्या वहीत शेरा मारला तिने माझ्या नावापुढे!"

"पण तू या घड्याळावर वेळ बघतेसच कशाला? नवरा घड्याळजी आहे तुझा!"

"माझं घड्याळ तुमच्याच दुकानात आहे. दोन वर्षांपूर्वी दुरुस्तीला दिलंय."

मागे रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. घड्याळजींनी डाव्या हाताने सीटमागची दांडी घट्ट धरली, आणि बायकोने गाडी दुकानाच्या दिशेने सोडली. आज ती त्यांना नुसतं दारात उतरवून दवाखान्यात जाणार नव्हती; आधी आपलं घड्याळ घेणार होती.